ब्याण्णव बाय एकसष्ट

भोक ब्याण्णव सेंटीमीटर लांब आणि एकसष्ट सेंटीमीटर रुंद होतं. खोली मोजताना टेप खालच्या चिखलात रुतली, म्हणून तो आकडा केतकीनं 'सुमारे एकशे दहा' असा लिहिला. भौतिकशास्त्रात एमएस्सी केलेल्या माणसाला 'सुमारे' लिहिताना जरा लाजच वाटते, पण चिखलापुढे कुणाचं काय चालतं?

हे भोक बेंगळुरूत, हेब्बाळच्या तळ्यापासून चालत वीस मिनिटांवर, अमृतेश्वर लेआउटच्या तिसऱ्या गल्लीत, कृष्णाबाईंच्या फाटकासमोर पडलं होतं. केबल टाकणारी एक टोळी आली, तिनं गटारावरची दगडी फरशी उचलली, आपटली, फोडली, आणि केबल टाकून निघून गेली. त्या भागात फूटपाथ म्हणजे गटाराचं झाकणच असतं. त्यामुळे फरशीबरोबर कृष्णाबाईंचा फूटपाथ गेला आणि घराबाहेर पडायची एकुलती एक वाटही गेली. वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणारी केतकी चोवीस वर्षांची. ती रोज उडी मारून संशोधन संस्थेत जायची. कृष्णाबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. त्यांनी शेवटची उडी निपाणीला, शाळेत असताना मारली होती.

उडीचं एवढं काय, असं कुणालाही वाटेल. पण कृष्णाबाई रोज पहाटे कोपऱ्यावरच्या बूथवरून दूध आणायच्या. स्वतःचं अर्धा लिटर आणि शेजारच्या चार घरांचं. तीस-बत्तीस वर्षं हा क्रम चालू होता. गल्ली त्यांना कृष्णाक्का म्हणायची आणि त्यांच्या फाटकाची कडी वाजली की उठायची. मुलगा दयानंद के. आर. पुरमला अकराव्या मजल्यावर राहायचा आणि दर रविवारी फोनवर एकच वाक्य बोलायचा, "आई, तुला जड व्हायला लागलं की सांग, मी गाडी घेऊन येतो." कृष्णाबाईंना गाडीचं भय नव्हतं, परत येण्याबद्दल तो काही बोलत नसे, त्याचं होतं.

केतकीनं पहिल्याच दिवशी पालिकेच्या अ‍ॅपवर तक्रार केली. अ‍ॅपमध्ये 'गटार तुंबले', 'गटार वाहते' आणि 'गटारास दुर्गंधी' असे तीन पर्याय होते. 'गटार उघडे' हा नव्हता. तिनं 'इतर' निवडलं, मापं लिहिली, चार बाजूंनी चार फोटो जोडले आणि प्रत्येक फोटोत प्रमाण कळावं म्हणून पट्टी ठेवली.

इकडे गल्ली काही हातावर हात ठेवून बसणारी नव्हती. रहिवासी संघाचे सेक्रेटरी चंद्रकांतकाका सरकारी कारखान्यातून इंजिनियर म्हणून निवृत्त झालेले. निवृत्त इंजिनियरला उघडं भोक दिसणं म्हणजे काय, ते घरच्यांनाच ठाऊक! त्यांनी माळ्यावरची एक फळी आणून आडवी टाकली आणि वर उभं राहून म्हणाले, "बघ, ऐंशी किलो. आता कंप्लेंटची गरजच काय?"

त्याच दुपारी वॉर्डाचा कुणीतरी येऊन फळीचा फोटो काढून गेला. संध्याकाळी अ‍ॅपवर हिरवी अक्षरं उमटली: 'निराकरण झाले.'

तिसऱ्या दिवशी पहाटे फळी कलली आणि कृष्णाबाई दुधाच्या पिशवीसह गुडघ्यावर आल्या. केतकीनं त्यांना आत आणलं, बर्फ लावला, आणि सवयीनं वहीत लिहिलं: ६ वाजून ४२ मिनिटे, डावा गुडघा.

"काय लिहितीस?" कृष्णाबाईंनी विचारलं.

"नोंद, आजी."

"नोंद कर, पण दयानंदला कळता कामा न्हाई. शपथ घे."

"आजी, पण तुम्ही पडलात—"

"पडलो न्हाई. बसलो. जागा जरा चुकली, एवढंच." निपाणीकडच्या बायका स्वतःबद्दल असं पुल्लिंगीच बोलतात, केतकीला पहिले दोन महिने ते ऐकून कोण बोलतंय तेच कळायचं नाही. "आणि गल्लीत पण सांगू नको. सगळी बघायला येतील, आणि सगळ्यांना चहा करायला लागेल."

केतकीनं शपथ घेतली.

दुसऱ्या दिवशी फळी कललेली पाहून गल्लीनं ती काढून टाकली आणि भोकात पांगाऱ्याची एक फांदी खोचली, तिच्या टोकाला लाल चिंधी. बेंगळुरूत धोक्याची हीच खूण. फांदी सुकली की नवी खोचायची. सातव्या आठवड्यापर्यंत तिला पालवीसुद्धा फुटली आणि समोरच्या नयनाताई कौतुकानं म्हणाल्या, "बघ गं केतकी, जगली! आता नको हलवू."

दरम्यान केतकी वॉर्ड ऑफिसात चार वेळा जाऊन आली. तिथला साहाय्यक अभियंता महांतेश हा चिकोडीचा, बोलायला अतिशय गोड. त्यानं तिला खुर्ची दिली आणि कागदावर आकृती काढून समजावलं.

"मॅडम, हे बघा. खालचं गटार पावसाच्या पाण्याचं. ते वेगळ्या विभागाकडं. वरची फरशी फूटपाथमध्ये येते. फूटपाथ रस्ता विभागाकडं. आणि फोडली ती केबलवाल्यांनी. त्यांची परवानगी मुख्य ऑफिसनं दिली."

"आणि मधलं भोक?"

महांतेशनं आकृतीतल्या तिन्ही विभागांना एकेकदा पेन टेकवलं. तो प्रामाणिक माणूस होता. "भोकाला विभाग नाही, मॅडम," तो म्हणाला.

केतकीला राग आला नाही. आलं ते कुतूहल, आणि रागापेक्षा ते वाईट. तीन विभाग आपापल्या नियमानं अचूक वागतात आणि तिघांच्या अचूकपणाची बेरीज एक भोक येते, हे तिला एखाद्या सुंदर गणितासारखं वाटायला लागलं. याच नादात तिला पालिकेच्या सेवांबद्दल तक्रारी ऐकणाऱ्या लोकपालांचा शोध लागला. त्यांचं कार्यालय एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर होतं. लिफ्टवर 'तक्रार नोंदवली आहे' अशी चिठ्ठी होती.

वर पवित्रा नावाची अधिकारी होती, केतकीपेक्षा फार तर पाच वर्षांनी मोठी. तिनं नियम सांगितले. आधी विभागाकडे लेखी तक्रार हवी. मग तीस दिवस थांबायचं. विभागाचा निर्णय चूक की बरोबर हे लोकपाल ठरवत नाहीत; वागण्यात दोष होता का आणि त्यानं कुणाचं नुकसान झालं का, एवढंच बघतात. अर्ज एका पानाचा.

केतकीनं चौदा पानं लिहिली. त्यात तीन आलेख होते. गल्लीतून जाणाऱ्या माणसांची वयानुसार विभागणी होती. परिशिष्टात फांदीची वाढही होती.

पवित्रानं सगळी पानं वाचली, हे विशेष. मग विचारलं, "छान आहे. पण नुकसान कुणाचं?"

"सगळ्यांचं."

"सगळ्यांचं नुकसान आमच्याकडे चालत नाही. एका माणसाचं लागतं. तुमचं आहे का? तुम्ही तर पान तीनवर लिहिलंय, 'मी सरासरी शून्य पूर्णांक आठ सेकंदांत ओलांडते.'"

केतकीनं पान तीन उलटून खाली ठेवलं.

"ज्यांचं झालं त्यांनी सही करायची," पवित्रा म्हणाली, "आणि काय झालं ते त्यांच्या शब्दांत."

इथं खरी अडचण सुरू झाली. कृष्णाबाईंनी कागद हातात घेतला, चष्मा लावला, काढला. "म्हणजे मी लिहायचं की मला बाहेर पडता येत न्हाई?"

"हो. तेच नुकसान."

"आणि ते दयानंदनं वाचलं तर? हाच कागद घेऊन येईल की तो. म्हणेल, आई, तुझीच सही हाय." त्यांनी कागदाची घडी घातली. "पोरी, फरशीसाठी घर घालवायचं काय?"

केतकीला हे आधी सुचलं नव्हतं. नुकसान लिहिलं नाही तर फरशी नाही. लिहिलं तर घर नाही. असं कोडं तिच्या कुठल्याच अभ्यासक्रमात नव्हतं. शेवटी आठवडाभरानं कृष्णाबाईंनी अर्जावर सही केली, पण नुकसानीचा रकाना कोरा ठेवून. "तेवढं तोंडी सांगतो, म्हणावं, त्यांनी विचारलं तर."

आणि हे सगळं व्यवस्थित पार पडलं असतं, पण केतकीनं अर्जाला जोडायची ती चौदा पानं चंद्रकांतकाकांना वाचायला दिली. केवळ तपासायला. शुद्धलेखनासाठी. काकांना ती इतकी आवडली की त्यांनी ती रहिवासी संघाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली, वर 'आपल्या गल्लीचा अभिमान' असं लिहून. ग्रुपमध्ये सगळे घरमालक होते. कृष्णाबाईंचं घर कागदोपत्री दयानंदच्या नावावर होतं.

पान नऊ, तक्ता दोन: ६ वाजून ४२ मिनिटे, डावा गुडघा. नाव नव्हतं, पण इतक्या पहाटे ते भोक ओलांडणारं माणूस गल्लीत एकच होतं.

शपथ घेतली होती ती सांगायचं नाही म्हणून. तक्त्यातून ती ओळ काढायची, हे केतकीच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिच्या शिक्षणात आकडा लपवणं हे पाप होतं. लपवायचा आकडाही असू शकतो, हे कुणी शिकवलं नव्हतं.

दयानंदचा फोन मंगळवारी आला. रविवार नसताना. बोलणं छोटं झालं. "एक तारखेला येतो गाडी घेऊन," एवढं वरपर्यंत ऐकू आलं, कारण त्यानं ते तीनदा म्हटलं. त्यानंतर कृष्णाबाई केतकीशी भांडल्या नाहीत. जिन्यात भेटल्यावर "जेवलीस काय?" एवढंच विचारायच्या आणि उत्तराची वाट न बघता आत जायच्या. केतकीला वाटलं, त्यापेक्षा त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं.

त्या आठवड्यात लोकपालांचं पत्र आलं. पाहणी, शनिवारी, सकाळी अकरा.

आता आपल्याकडे कुणी साहेब येणार म्हटलं की माणसं काय करतात? गल्ली झाडली गेली. पाणी मारलं गेलं. चंद्रकांतकाकांनी मंडपवाल्याला सांगून चार खांब, एक छत, पंखा आणि लाल सोफा आणवला. मार्चचं ऊन, सावली फक्त कृष्णाबाईंच्या फाटकासमोरच्या करंजाखाली. मंडपवाल्यानं जागा पाहिली, फांदी उपटून बाजूला टाकली, दोन जाड फळ्या मांडल्या, वर हिरवा गालिचा पसरला आणि सोफा ठेवला. नयनाताईंनी पुढ्यात रांगोळी काढली.

केतकी संस्थेतून अर्धी रजा टाकून पोचली तेव्हा लोकपाल सोफ्यावर बसले होते.

भीमाचार्य नावाचे ते सडपातळ, वयस्क गृहस्थ बसनं आले होते. उभी नोकरी बेळगाव-विजापूरकडे झाल्यानं त्यांचं मराठी स्वच्छ होतं. शाल त्यांनी हात जोडून नाकारली. म्हैसुरी फेटा नाकारला. कॉफीही नाकारली, पक्षकाराकडचं काही चालत नाही म्हणाले, आणि पिशवीतून स्वतःच्या ताकाची बाटली काढली. तरी चंद्रकांतकाकांचं स्वागताचं भाषण वीस मिनिटं झालं. एका कोपऱ्यात महांतेश फायली पोटाशी धरून उभा होता. सोफ्याची पाठ फाटकाला टेकली होती, आणि फाटकाच्या आत, खुर्चीवर, साहेबांच्या पाठीमागे कृष्णाबाई. ज्यांची तक्रार होती त्यांना अख्ख्या समारंभातून साहेबांचं टक्कल तेवढं दिसत होतं.

आणि फाटकाच्या बाजूच्या भिंतीला टेकून दयानंदही. ग्रुपवर निमंत्रण सगळ्यांनाच गेलं होतं.

"झालं? आता जागा दाखवा," भीमाचार्य म्हणाले.

सगळे खाली बघत होते. चंद्रकांतकाका बघत होते, नयनाताई बघत होत्या, महांतेशही बघत होता. भीमाचार्यांनी त्या सगळ्या नजरांच्या मागोमाग आपली नजर नेली, ती त्यांच्याच चपलांपाशी येऊन थांबली. त्यांनी दोन्ही पाय अलगद वर घेतले.

"इथं?"

"हो सर," केतकी म्हणाली. "ब्याण्णव बाय एकसष्ट. सोफ्याचा डावा मागचा पाय तेवढा पक्क्या जमिनीवर आहे."

"मी वीस मिनिटं या भोकावर बसलोय, आणि कुणी सांगितलं नाही?"

"सर, तुम्ही पाहुणे," चंद्रकांतकाका कळवळून म्हणाले. "कसं सांगणार?"

महांतेशनं घसा साफ केला. "सर, नोंद व्हावी की सध्या जागा झाकलेली आहे." आणि त्यानं सवयीनं मोबाइल काढून गालिच्याचा फोटो घेतला. भीमाचार्यांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्यानं मोबाइल खिशात ठेवला, मग परत काढून फोटो पुसला.

सोफा हलवला गेला, गालिचा गुंडाळला गेला, फळ्या निघाल्या. खाली भोक होतं तसं होतं. त्यात पांगाऱ्याचं एक पान पडलेलं. भीमाचार्य काठाशी उभे राहिले आणि पलीकडे फाटकात बसलेल्या बाईंना त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं.

"तुम्ही कृष्णाबाई? अर्जात नुकसानीचा रकाना कोरा आहे."

"तोंडी सांगतो म्हटलं होतं."

"सांगा."

दयानंद भिंतीपासून सुटला. केतकीला वाटलं, आता त्या खोटं बोलतील, किंवा खरं बोलतील, आणि दोन्हीत एक तारीख तशीच उभी आहे.

कृष्णाबाईंनी पदर सारखा केला. "ह्या चंद्रकांतच्या घरी रोज एक लिटर," त्या म्हणाल्या. "नयनाकडे अर्धा, तिचा अर्णव आला की एक. कोपऱ्यावरच्या कौशल्याकडे अर्धा. भटांकडे एक, एकादशीला दीड. तीस वर्षं मी आणून देतो. आता दहा आठवडे झाले, ही सगळी मलाच आणून देतात. रोज. न चुकता. चांगली माणसं हायत, मी नावं ठेवत न्हाई. पण साहेब, रोज दुसऱ्याकडून घ्यायचं आणि आपण काही द्यायचं न्हाई, ह्याची मला सवय न्हाई. माझं एवढंच नुकसान. बाकी मला काय झालं न्हाई."

केतकीनं चौदा पानांत तीन आलेख काढले होते. दूध कुणाकडे किती जायचं, हे तिनं विचारलंही नव्हतं.

"आई," दयानंद हळू म्हणाला, "तू पडली होतीस ना?"

"बसलो होतो," कृष्णाबाई म्हणाल्या. "फळीवरून. फळी चंद्रकांतची होती, पाय माझे चांगले होते."

चंद्रकांतकाका एकदम रांगोळी न्याहाळू लागले.

भीमाचार्यांनी पेन काढलं आणि उभ्या उभ्याच कोऱ्या रकान्यात लिहिलं. केतकीनं मान तिरकी करून वाचलं: 'सेवेतील दोषामुळे तक्रारदारास शेजाऱ्यांचे दूध आणून देता येत नाही.' मग त्यांनी कंसात आकडे घातले. एक, अर्धा, अर्धा, एक. एकादशीचाही घातला.

निष्कर्ष नऊ दिवसांनी आला, दोन पानांचा. त्यात कुणाला शिक्षा नव्हती. लोकपालांना ती देताही येत नाही. ते फक्त शिफारस करतात आणि ती पाळली नाही तर ते जाहीर छापतात, एवढाच त्यांचा धाक. त्यात लिहिलं होतं की तिन्ही विभाग आपापल्या नियमाप्रमाणे वागले, म्हणून दोष तिघांचा आहे. फरशी महिनाअखेरपर्यंत बसवावी, कोणी, ते तिघांनी आपसात ठरवावं. साहाय्यक अभियंत्यानं घरी जाऊन दिलगिरी व्यक्त करावी. आणि यापुढे तक्रारदाराला विचारल्याशिवाय 'निराकरण झाले' असं लिहू नये. शेवटचं वाक्य केतकीनं दोनदा वाचलं. फांदीच्या परिशिष्टाचा कुठं उल्लेख नव्हता.

एकतीस तारखेच्या संध्याकाळी चार माणसं फरशी ठेवून गेली.

एक तारखेला सकाळी सातला दयानंद गाडी घेऊन आला. फाटकाला कुलूप होतं. त्यानं हाका मारल्या, मग फोन केला, तो घरातच वाजला. केतकी धावत खाली आली. दोघंही गल्लीच्या टोकाकडे बघत राहिली.

कृष्णाबाई सावकाश येत होत्या. डाव्या पायावर जरा कमी भार. दोन्ही हातांत पिशव्या.

"गाडी आणलीस? बरं झालं," त्यांनी एक पिशवी दयानंदच्या हातात दिली. "हे भटांकडे दे. एकादशी हाय, दीड लिटर. मग चहाला ये."

दयानंद पिशवी घेऊन उभा राहिला. त्यानं आईकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, आणि भटांच्या घराकडे चालू लागला.

दुसरी पिशवी चंद्रकांतकाकांच्या, नयनाताईंच्या आणि कौशल्याबाईंच्या फाटकाशी हलकी झाली. मग कृष्णाबाईंनी फरशीवर पाय ठेवला आणि फरशी बोलली. टक्. दुसरा पाय ठेवला; डुक्. केतकी आधीच टेप घेऊन वाकली होती. "एकोणनव्वद! आजी, तीन सेंटीमीटर कमी आहे. एका बाजूला टेकतच नाही. हे मी आत्ता—"

"अम्मा, नमस्कार," मागून महांतेश म्हणाला. तो दिलगिरी घेऊन आला होता. ती टाइप केलेली होती. त्यानं ती मान खाली घालून वाचून दाखवली, आणि मग दुसरा कागद काढला. नवा नमुना, लोकपालांच्या शिफारशीनं तयार झालेला. "तक्रारदार समाधानी आहे का? इथं होय किंवा नाही, आणि सही."

"नाही," केतकी म्हणाली. "डुगडुगते."

"थांब गं," कृष्णाबाई म्हणाल्या. त्यांनी परत एकदा फरशीवर पाय दिला. टक्, डुक्. कान देऊन ऐकलं. "राहू दे. घरात बसून कळेल मला, कोण आलं, कोण गेलं. तू उडी मारून जायचीस ते कधी कळायचंच न्हाई."

पिशवीत अर्ध्या लिटरच्या दोन थैल्या उरल्या होत्या. त्यातली एक त्यांनी केतकीच्या हातात दिली. केतकीचं दूध आजवर अ‍ॅपवरून यायचं. "उद्यापासून माझं धरून सहा घरं," त्या म्हणाल्या. "जेवतीस का न्हाई ते तरी कळेल मला."

मग महांतेशच्या पाठीवर कागद टेकवून त्यांनी रकान्यात काहीतरी लिहिलं आणि सही केली. महांतेशनं कागद वळवून पाहिला.

"अम्मा, 'स्वल्प' चालत नाही. थोडंसं असं नसतं, होय किंवा नाही, दोनच आहेत."

"मग तुझ्या कागदात जागा कर की. आणि आत ये, उप्पिट्टू केलंय. पक्षकाराचं चालतं नव्हं तुला?"

महांतेश टक् डुक् करत आत गेला. अ‍ॅपवर ती तक्रार परत उघडली, ती आजही उघडीच आहे. रोज सकाळी साडेसहाला केतकीला वरच्या खोलीत ती फरशी ऐकू येते, एकदा जाताना आणि एकदा येताना. येतानाचा आवाज होईपर्यंत ती गॅस पेटवत नाही.